ठरवायचं नाही, एवढंच ठरलेलं

इलेक्ट्रिक मूनचं लाइव्ह रेकॉर्डिंग लावलं की पहिली काही मिनिटं बहुतेक वेळा चाचपण्यात जातात. गिटारचा एखादा सूर लांबवर घुमत राहतो, मागून त्याचाच पडसाद येतो, सिंबलवर काठीची टोकं हलके पडतात. मग बास गिटारवर चार-पाच सुरांची एक ओळ उमटते. ती पुन्हा येते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ड्रम्स तिला पकडतात आणि तिघांच्याही पायाखाली एकदम जमीन येते. तिथून पुढे पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहूनही जास्त, ती ओळ थांबत नाही. तिच्यावर गिटार चढत जाते, गढूळ होते, फाटते, निवळते, पुन्हा चढते. शब्द जवळजवळ नाहीतच. कडवं नाही, धृपद नाही. आणि मंचावर चढण्याआधी यातलं जवळजवळ काहीच ठरलेलं नसतं.

हा जर्मन बँड २००९ मध्ये जमला. गिटारवर डेव्ह श्मिट, ज्याला या संगीतातली माणसं 'सुला बसाना' म्हणून ओळखतात, आणि बासवर 'कोमेट लुलू'. ड्रमर बदलत गेले, त्यात पाब्लो कार्नेवाल आणि मार्कुस श्निट्झलर ही नावं महत्त्वाची. सुला काही कालपरवा या वाटेला आलेला माणूस नाही. १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'झोन सिक्स'मध्ये तो होता, त्याचे स्वतःचे एकट्याने केलेले अल्बम आहेत, 'सुलाट्रॉन' नावाचं छोटं रेकॉर्ड लेबलही तो चालवतो. बँडच्या अल्बमांची चित्रं लुलू स्वतः काढते. म्हणजे वाजवणं, ध्वनिमुद्रण, वेष्टण, विक्री, सगळं घरच्या घरी. २०१० मध्ये 'लुनॅटिक्स' आला, २०११ मध्ये 'द डूम्सडे मशीन', २०१७ मध्ये 'स्टारडस्ट रिच्युअल्स'. मधल्या काळात लाइव्ह रेकॉर्डिंगं इतकी निघाली की यादी करण्यात अर्थ नाही. जो बँड प्रत्येक मैफिलीत नवं वाजवतो, त्याची प्रत्येक मैफील हा एक अल्बम असू शकतो.

गंमत अशी की वाजवणं पूर्णपणे त्या क्षणाचं असलं, तरी आवाज मात्र पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. डोळे मिटून ऐकलं तर १९७१ सालचं काहीतरी लागलंय असं वाटावं इतका. अॅम्प्लिफायरच्या नळ्या तापल्यावर येणारा तो किंचित भरडा, उबदार आवाज, फझ पेडलने, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पायाखालच्या छोट्या पेटीने, सुराची केलेली चाळण, फेझरमुळे आवाज सावकाश पिळला गेल्यासारखा वाटणं. या शेवटच्या उपकरणात तर जर्मनांचा स्वतःचा हात होता. बर्लिनमध्ये शुल्टे नावाचं फेझर सत्तरच्या दशकात बनत असे आणि त्या काळच्या कितीतरी जर्मन रेकॉर्डांवर त्याचा तो फिरता, पाणीदार आवाज ऐकू येतो.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचं वाटणारं यंत्र म्हणजे टेप-एको. हल्ली त्याचं काम करणारी छोटी डिजिटल पेडलं मिळतात आणि पुष्कळ बँड तीच वापरतात, पण मूळ यंत्र कसं चालतं हे समजून घेतल्याशिवाय हे संगीत नीट कळत नाही असं मला वाटतं. जपानच्या रोलंड कंपनीने १९७४ मध्ये काढलेला 'स्पेस एको' घ्या. आत पाव इंच रुंदीच्या टेपचा एक लूप मोकळा पसरलेला असतो, सुरुवात नाही आणि शेवट नाही. एक हेड त्याच्यावर आवाज लिहितं, पुढची तीन हेडं तो थोड्या थोड्या अंतराने वाचतात. लूप फिरून परत आला की आधीचं पुसलं जातं आणि त्याच जागेवर नवं लिहिलं जातं. वाचलेला आवाज पुन्हा लिहिणाऱ्या हेडकडे पाठवला की पडसादाचा पडसाद तयार होतो. टेप झिजलेली असते, मोटर अगदी एकसारखी फिरत नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीत आवाज थोडा विटतो, त्याची धार बोथट होते, तो किंचित डुलतो. आणि परत पाठवण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे नेलं, की यंत्र स्वतःच्याच आवाजाने भरून जातं आणि वादकाने काहीही न वाजवता ओरडायला लागतं.

आता हे वादकाच्या बाजूने बघा. त्याने अर्ध्या सेकंदापूर्वी जे वाजवलं ते त्याच्यासमोर परत येतं, पण जसंच्या तसं नाही. त्याला त्याच्यावर काहीतरी वाजवावं लागतं, किंवा त्याच्यासाठी जागा सोडावी लागते. वेगाची चावी फिरवली तर टेपवर आधीच लिहिलेले सूरसुद्धा वर-खाली घसरतात, म्हणजे वाजवून झालेली गोष्टही अजून बदलू शकते. एकटा माणूस वाजवत असतो, पण त्याला उत्तर देणारं कुणीतरी सतत असतं, आणि ते उत्तर कधीच पूर्णपणे त्याच्या ताब्यात नसतं. या यंत्राशी वाजवणाऱ्याला ऐकावंच लागतं. न ऐकता वाजवलं तर दहा सेकंदांत चिखल होतो.

जुन्या आवाजाकडे मी ओढली गेले ती यामुळे. तरी एक प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता, आणि तो मला या बँडपुरता महत्त्वाचा वाटत नाही, एकूणच परंपरेपुढचा वाटतो.

प्रश्न समजायला थोडं मागे जावं लागेल. साठच्या दशकाच्या शेवटी पश्चिम जर्मनीत जी पोरं विशीत होती, ती युद्धात किंवा युद्धानंतरच्या ढिगाऱ्यांत जन्मलेली होती. त्यांचे शिक्षक, न्यायाधीश, कारखान्यांचे साहेब आणि कित्येकदा त्यांचे वडील हे हिटलरच्या काळात त्याच खुर्च्यांवर बसलेले होते. घरात त्याबद्दल बोलणं नव्हतं. रेडिओवर गोड, गुळगुळीत 'श्लागर' गाणी लागत. दुसऱ्या बाजूला अमेरिकन आणि ब्रिटिश रॉक होतं, पण ते दुसऱ्याचं. अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या दुःखातून आलेला ब्लूज म्युनिकच्या पोराने कितीही मनापासून वाजवला, तरी तो उसनाच. मागे वळावं तर मागचं विटाळलेलं, बाजूला बघावं तर ते परक्याचं. मग काही जणांनी ठरवलं की शून्यापासून सुरुवात करायची. सप्टेंबर १९६८ मध्ये एसेन शहरात झालेल्या 'सोंगटागे' महोत्सवात अमेरिकन रॉकवाल्या फ्रँक झापाच्या जोडीला आमोन ड्यूल, गुरू गुरू, टँजरीन ड्रीम अशा जर्मन बँडांची नावं पहिल्यांदाच एका छपराखाली दिसली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये 'झोडियाक' नावाचा अड्डा उघडला. तिथे कुणीही येऊन काहीही वाजवावं. तो फार टिकला नाही, पण तिथून निघालेल्या लोकांनी पुढची दहा वर्षं व्यापली. या सगळ्याला ब्रिटिश पत्रकारांनी 'क्राउटरॉक' असं नाव चिकटवलं आणि तेच रूढ झालं.

यांच्यात कान ठेवून ऐकण्यासारखा बँड म्हणजे कोलोनचा कॅन. १९६८ मध्ये तो जमला तेव्हा त्यातले इर्मिन श्मिट आणि होल्गर झुकाय तिशीत पोहोचलेले होते. दोघेही संगीतकार श्टॉकहाउझेनकडे शिकलेले, म्हणजे युरोपातल्या अत्यंत गंभीर आधुनिक संगीताच्या शाळेतले. गिटारवादक मिशाएल कारोली झुकायचा विद्यार्थी, वयाने दहा वर्षांनी लहान. ड्रमर याकी लीबेत्साइट फ्री जॅझमधून आलेला. फ्री जॅझ म्हणजे तालाचंही बंधन नको असं म्हणणारं संगीत. लीबेत्साइट त्याला कंटाळला होता. तो नंतर सांगत असे, की एकदा एका अनोळखी माणसाने येऊन त्याला म्हटलं, 'तू एकसुरी वाजवायला हवंस.' त्याने ते शब्दशः मानलं. कॅनच्या रेकॉर्डांवर तो एकच ठेका अठरा-अठरा मिनिटं धरून बसतो आणि एकदाही कंटाळा येऊ देत नाही.

मी लहानपणी काही वर्षं तबला शिकले. सरांनी कितीतरी महिने फक्त त्रितालाचा ठेका धरायला लावला होता. कायदे, रेले, तुकडे हे सगळं नंतर. 'ठेका बसला पाहिजे' एवढंच म्हणायचे. ठेका धरणं म्हणजे मागे बसणं, असं तेव्हा वाटायचं. लीबेत्साइट ऐकला तेव्हा सरांचं म्हणणं मला पूर्ण समजलं. त्याचा प्रत्येक आघात मागच्या आघातासारखाच असतो, पण त्यात एक अगदी बारीक जिवंतपणा असतो. यंत्रासारखा नेमका आणि तरीही श्वास घेणारा. वर बाकीचे काय वाटेल ते करू शकतात, कारण खाली हा माणूस आहे.

कॅनने नेर्वेनिश इथल्या एका गढीत तळ ठोकला होता. तिथे ते दिवसेंदिवस वाजवत राहायचे आणि टेप चालू असायची. मग झुकाय त्या तासन्‌तासांच्या टेपमधून कात्रीने तुकडे काढून जोडायचा. १९७१ मधला 'टागो मागो' असा जन्मला. पुढे ते वाइलरस्विस्ट गावातल्या एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात गेले आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या लावल्या. तो अख्खा स्टुडिओ आता ग्रोनाऊच्या रॉक आणि पॉप संग्रहालयात मांडून ठेवला आहे.

आणि नेमका इथेच माझा प्रश्न होता. ज्या पिढीने मागचं काहीही नको म्हणून हे संगीत उभं केलं, त्या पिढीचा आवाज आज कुणी जपून वापरत असेल, तर ती त्या पिढीशी निष्ठा झाली की तिच्या म्हणण्याला नकार? झुकाय आणि लीबेत्साइटने कुणाचीही नक्कल करणार नाही असं ठरवलं, म्हणून आपण त्यांची नक्कल करायची? बंडखोरांचे दागिने घालून मिरवणारे बँड जगभर भरपूर आहेत. तोच रुंद पायघोळ, तीच मिशी, तोच नारिंगी प्रकाश, आणि गाणी मात्र चार मिनिटांची, मोजूनमापून बांधलेली, दर रात्री तशीच वाजवलेली. तसलं काही ऐकायला मला वेळ नाही. त्यात पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं असतं, फक्त त्या लोकांनी घेतलेली जोखीम नसते.

इलेक्ट्रिक मूनच्या बाबतीत मला वेगळं वाटतं, आणि ते का, हे मी बरेच दिवस शोधत होते. उत्तर माझ्यापुरतं असं मिळालं: त्यांनी वारशात आवाज घेतला, पण रचना घेतली नाही. हत्यारं जुनी, पण कोणतंही काम आधी कुणी करून ठेवलेलं नाही. रात्री मंचावर उभं राहिल्यावर त्यांच्या हातात १९७१चं एकही गाणं नसतं. त्यांच्याकडे असतं ते एकमेकांचं ऐकण्याचं सामान.

आणि ही हत्यारं जुनी असण्यामागे तेव्हाही भक्तिभाव नव्हता. १९७० मध्ये बर्लिनमध्ये मानुएल गोटशिंग आणि हार्टमुट एन्के या दोन पोरांनी क्लाउस शुल्झला घेऊन आश रा टेंपल हा बँड काढला. त्यांचे अवाढव्य स्पीकर एन्केने लंडनहून आणले होते, पिंक फ्लॉइडने वापरून सोडलेले. म्हणजे ज्यांना आज आपण मूळपुरुष म्हणतो त्यांचंही सामान जुन्या बाजारातलंच होतं. मिळालं ते घेतलं, त्याच्यातून काय निघतं ते पाहिलं. त्यांचा १९७१चा पहिला अल्बम म्हणजे एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, असे दोनच लांबलचक तुकडे. इलेक्ट्रिक मूनचं रक्ताचं नातं कॅनपेक्षा याच घराण्याशी जास्त आहे. कॅनमध्ये कात्री होती, विचार होता, कोलोनच्या शाळेची शिस्त होती. आश रा टेंपलमध्ये एक लाट उठते आणि ती फुटेपर्यंत कुणी मध्ये येत नाही.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला हे संगीत पहिल्या ऐकण्यात ओळखीचं वाटतं. एक सूर सतत मागे, त्यावर संथ सुरुवात, हळूहळू वाढत जाणारी लय. सवाई गंधर्वच्या मांडवात बसून तासाभराचा ख्याल ऐकलेल्या माणसाला वीस मिनिटांचा जॅम लांब वाटायचं कारण नाही. पण हे साम्य फार ताणू नये. ख्यालगायकासमोर काहीही ठरलेलं नसतं असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळ काही ठरलेलं असतं. राग ठरलेला असतो, त्याची चाल, त्याचे वर्ज्य स्वर, बंदिश, ताल. तबलजी समेवर असणार ही खात्री असते. त्या सगळ्यामागे घराणं उभं असतं. जॅझमध्येसुद्धा गाण्याच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, आधी माहीत असतात, त्या नकाशावर सगळे फिरतात. इथे तसा कुठलाच नकाशा नाही.

मग ते एकमेकांवर आपटत का नाहीत? याचं उत्तर फार साधं आहे आणि मला ते सुंदर वाटतं. ते बहुतेक वेळ एकाच कॉर्डवर राहतात. कॉर्ड बदलायची म्हणजे कधी आणि कुठली हे आधी ठरवावं लागतं, निदान खूण करावी लागते. बदलायचीच नाही म्हटलं की कुणालाच काही विचारावं लागत नाही. ज्याला बाहेरचा माणूस एकसुरीपणा म्हणतो, ती खरं तर मोकळं असण्याची अट आहे. खालचं अजिबात हलत नाही म्हणून वरचं कितीही हलू शकतं. लीबेत्साइटला त्या अनोळखी माणसाने सांगितलं ते हेच असावं.

म्हणून माझ्या मते इलेक्ट्रिक मूनमध्ये सगळ्यांत अवघड जागा लुलूची आहे. गिटारकडे लक्ष जातं, ते साहजिक आहे, सुला त्या जागी आकाश उभं करतो. पण त्या रात्री त्या तुकड्यात काय होणार हे पहिल्यांदा बासची ती ओळ ठरवते. ओळ फार सुरेल असेल तर तिचंच गाणं होतं आणि वरच्याला जागा उरत नाही. फार साधी असेल तर पाचव्या मिनिटाला जीव जातो. तिला अशी ओळ काढावी लागते जी दोनशे वेळा ऐकली तरी ऐकवेल, आणि ती काढावी लागते सगळ्यांसमोर, पहिल्याच प्रयत्नात. मग ती दोनशे वेळा वाजवावी लागते, फुलवण्याचा मोह आवरून. याला किती धीर लागतो हे ज्याने कधी कुणासाठी ठेका धरला आहे त्यालाच समजेल.

बदल कसा होतो हेही ऐकण्यासारखं आहे. मान डोलावून खूण झाली असं क्वचितच होत असेल. हेडफोन लावून लक्ष दिलं तर जागा सापडते. ड्रमरचा उजवा हात बंद हाय-हॅटवरून, म्हणजे पायाने मिटलेल्या जोड झांजांवरून, मोठ्या मोकळ्या राइड सिंबलवर जातो. एवढंच. आवाज एकदम मोकळा होतो, खोलीची एक भिंत पडल्यासारखा. बास त्याच ओळीतला एक सूर खालच्या सप्तकात टाकते. गिटार अजून आपल्याच पडसादात गुंतलेली असते, तिला कळायला दोन-तीन फेऱ्या लागतात. मग एका क्षणी तिघेही एकदम वर उसळतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हे आधीच ठरलेलं होतं. ते तसं नव्हतं हे माहीत असल्यामुळे मला त्या क्षणी दरवेळी आनंद होतो, अगदी अंगावर काटा येण्याइतका.

दरवेळी असं होतं का? नाही, आणि हे लपवू नये. त्यांच्या रेकॉर्डिंगांमध्ये अशा लांबलचक जागा आहेत जिथे काही सुचत नाही हे स्पष्ट ऐकू येतं. गिटार पडसादाच्या धुक्यात शिरते आणि बाहेरच येत नाही. पडसादाचा हा धोकाच आहे. रिकामी जागा तो सुंदर आवाजाने भरून टाकतो आणि सुचलेलं नाही हे वादकालाही कळू देत नाही. कॅनकडे झुकायची कात्री होती, ही जागा तो कापून टाकत असे. इलेक्ट्रिक मून सहसा ती तशीच ठेवतात. माझ्यातल्या ऐकणारीला कधीकधी कात्री हवीशी वाटते. तरीही न कापण्याची बाजू मला पटते, कारण कापलेल्या टेपवर वाट सापडलेली दिसते, पण वाट शोधणं दिसत नाही.

याच वाटेने जाणारे आज जर्मनीत आणखी आहेत. बर्लिनच्या कॅमेरा या बँडने साधारण २०१०च्या सुमारास भुयारी रेल्वेच्या स्थानकांत परवानगी न घेता वाजवायला सुरुवात केली. ड्रमर उभ्यानेच वाजवणार, मोजकंच सामान, आणि हाकललं की ते उचलून पुढे. त्यांना ऐकून 'नोय'चा मिशाएल रोटर आणि 'क्लस्टर'चा डीटर म्यूबियुस त्यांच्याबरोबर वाजवायला आले. २०१२ मध्ये त्यांचा 'रेडिएट' हा पहिला अल्बम निघाला. ज्यांनी हा आवाज घडवला त्यांनीच पुढच्या पिढीबरोबर उभं राहून वाजवलं, तेव्हा निष्ठा आणि नक्कल यांचा हिशेब बाहेरच्या माणसाने मांडायची फारशी गरज उरत नाही.

त्याहून मोठं उदाहरण डामो सुझुकीचं. हा जपानी तरुण १९७० मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गात होता. झुकाय आणि लीबेत्साइट एका कॅफेबाहेर बसले होते. त्यांनी त्याला त्याच रात्री कॅनबरोबर गायला बोलावलं. सराव नाही, ओळख नाही. तीन वर्षांनी तो कॅनमधून बाहेर पडला आणि पुष्कळ काळानंतर त्याने एक वेगळंच काम हाती घेतलं. जगभर फिरायचं, प्रत्येक गावात तिथल्याच वादकांना बरोबर घ्यायचं, त्यांना तो 'साउंड कॅरियर' म्हणायचा, आणि आधी काहीही न ठरवता मंचावर जायचं. कॅनची गाणी त्याने मिरवली नाहीत. कर्करोगाशी अनेक वर्षं झगडतानाही हे चालू ठेवलं. २०२४च्या फेब्रुवारीत तो गेला. कॅनचा खरा वारसदार कोण असं कुणी विचारलं तर मी त्याच्या त्या असंख्य अनोळखी साथीदारांकडे बोट दाखवीन, आणि इलेक्ट्रिक मूनला त्यांच्यात धरीन.

भारताचा संबंध या गोष्टीत आहे, आणि तो नुसत्या सतारीच्या फॅशनचा नाही. म्युनिकच्या एंब्रियो या बँडने १९७८-७९ मध्ये बसगाड्या घेऊन रस्त्याने भारत गाठला, अफगाणिस्तानातून. बरोबर मुलंबाळं, वाद्यं, कॅमेरा. वाटेत भेटेल त्या वादकांबरोबर वाजवत गेले. त्या प्रवासावर 'वागाबुंडन कारावाने' हा माहितीपट आहे आणि 'एंब्रियोज रायझे' हा अल्बम. त्याच वर्षांत इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं, आणि तो रस्ता बंद झाला तो झालाच. एंब्रियोतून बाहेर पडलेल्या काहींनी 'डिसिडेंटन' काढला आणि बंगळुरूच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनबरोबर १९८२ मध्ये 'जर्मनिस्तान' केला. त्यात रामामणींचा आवाज आहे, कर्नाटकी तालाची अवघड गणितं आहेत, आणि जर्मनांनी तिथे शिष्यासारखं बसून ऐकलं आहे हे जाणवतं. एंब्रियोचा संस्थापक क्रिस्टियान बुर्शार्ड २०१८ मध्ये गेला. आता त्याची मुलगी मार्या बँड चालवते, व्हायब्राफोन वाजवते, आणि अजूनही नव्या नव्या देशांतली माणसं बरोबर घेऊन बसते.

हे ऐकणारे लोक जर्मनीत कुठे जमतात? मोठ्या स्टेडियमवर नाही. झीगन शहराजवळच्या नेटफेन गावात २०१२ पासून 'फ्रीक व्हॅली' महोत्सव भरतो, रॉकवेड्या लोकांच्या एका मंडळाने सुरू केलेला. हेस्सन प्रांतात हेर्त्सबर्गच्या किल्ल्याशी जोडलेला महोत्सव तर १९६८ सालचा. ओडनवाल्डच्या डोंगरांत फिंकनबाख गावात गुरू गुरूच्या मानी नॉयमायरचा महोत्सव आहे. नॉयमायर १९४० सालचा, आणि ऐंशी ओलांडल्यावरही ड्रम्सवर बसणारा. इलेक्ट्रिक मूनचं फ्रीक व्हॅलीतलं २०१९चं वाजवणं अल्बम म्हणून निघालं आहे. माझ्या मते नव्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी. उघड्यावरची मैफील असल्यामुळे तिथे वादक जरा धीट असतात, धुक्यात कमी रेंगाळतात.

त्यानंतर 'स्टारडस्ट रिच्युअल्स'चा शेवटचा, वीस मिनिटांच्या पुढे जाणारा तुकडा. आणि त्यानंतर २०१३ मधला 'द पेपरमून सेशन्स', ज्यात डेन्मार्कचा पापिर हा बँड आणि इलेक्ट्रिक मून एकत्र बसून वाजवतात. पापिरची गिटार स्वच्छ, हलकी, कमी बोलणारी. सुलाची जड आणि धुरकट. पहिल्यांदा ऐकताना गिटारींमागे धावू नका. बासची ओळ धरा आणि ती सोडू नका, मग त्या दोन गिटारी कुठल्या फेरीला एकमेकींना पहिल्यांदा ऐकू लागतात ते आपोआप सापडेल.